दार किती उघडायचं? अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल, टीव्ही आणि प्रेक्षकांची तक्रार



आजचा विषय वाचून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. तत्त्वज्ञानाचा माणूस, आणि बोलणार अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलवर! पण एखादा समाज 'न्याय' आणि 'मोल' या दोन शब्दांचा अर्थ कसा लावतो हे बघायचं असेल, तर त्याच्या घटनेइतकंच त्याच्या खेळांच्या नियमांकडेही बघावं. खेळात माणसं मोकळेपणाने भांडतात आणि भांडताना खरं बोलतात.

भांडण अगदी साधं आहे. एका स्पर्धेत किती संघ घ्यायचे? अमेरिकेत हे भांडण ऐंशीहून अधिक वर्षं चालू आहे. स्पर्धा म्हणजे एनसीएए या संस्थेची विद्यापीठांची बास्केटबॉल स्पर्धा. मार्च महिन्यात ती भरते आणि 'मार्च मॅडनेस' या नावाने ओळखली जाते. तुमच्यापैकी ज्यांची मुलं-नातवंडं तिकडे आहेत, त्यांनी हा प्रकार पाहिला असेल. ऑफिसात प्रत्येक जण स्पर्धेचा तक्ता भरतो, कोण कोणाला हरवणार याचं भाकीत करतो. या तक्त्याला 'ब्रॅकेट' म्हणतात. वर्षभर चेंडूकडे न बघणारी माणसंही तो भरतात.

आता थोडा इतिहास. पहिली स्पर्धा १९३९ साली झाली. संघ होते फक्त आठ. ऑरेगनने ओहायो स्टेटला ४६-३३ असं हरवलं. १९५१ मध्ये संघ सोळा झाले, १९५३ मध्ये बावीस, आणि पुढची वीसेक वर्षं आकडा बावीस ते पंचवीसच्या दरम्यान फिरत राहिला. त्या काळात एक कडक नियम होता. अमेरिकेतली विद्यापीठं आपापल्या विभागीय गटांत खेळतात, त्यांना 'कॉन्फरन्स' म्हणतात. एका कॉन्फरन्समधून एकच संघ घ्यायचा, असा तो नियम. दिसायला किती न्याय्य! प्रत्येक गटाचा विजेता या, बाकीचे घरी बसा.

या नियमाची परीक्षा १९७४ साली झाली. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेट आणि मेरीलँड समोरासमोर आले. मेरीलँड तेव्हा देशातल्या चार-पाच सर्वोत्तम संघांपैकी एक. सामना जादा वेळेत गेला आणि मेरीलँड १०३-१०० असा हरला. तीन गुण! तेवढ्यावर त्यांचा मोसम संपला, कारण नियम म्हणजे नियम. ज्यांनी त्यांना हरवलं त्यांनी पुढे यूसीएलएची सलग सात विजेतेपदांची मालिका तोडली आणि स्पर्धा जिंकली. म्हणजे देशातल्या सर्वोत्तम संघाशी शेवटपर्यंत झुंजलेला संघ स्पर्धेच्या बाहेर, आणि त्याच्याहून कितीतरी दुबळे संघ आत. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, स्पर्धा बत्तीस संघांची झाली आणि एका कॉन्फरन्समधून एकाहून अधिक संघ येऊ लागले.

ही पहिली गोष्ट लक्षात ठेवा. १९७५ची वाढ एका अन्यायाला दिलेलं उत्तर होती. दार मोठं झालं, कारण आत येण्याची लायकी असलेला माणूस बाहेर उभा होता.

यानंतर टीव्ही या गोष्टीत जोरात शिरतो. १९७९चा अंतिम सामना मॅजिक जॉन्सनचं मिशिगन स्टेट आणि लॅरी बर्डचं इंडियाना स्टेट यांच्यात झाला. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलच्या सामन्याला टीव्हीवर मिळालेलं सर्वांत मोठं रेटिंग आजही त्याच सामन्याच्या नावावर आहे. त्याच वर्षी ईएसपीएन ही फक्त खेळ दाखवणारी वाहिनी सुरू झाली. तिला चोवीस तास भरायचे होते, आणि एनसीएएकडे कोणी न दाखवलेले सुरुवातीच्या फेऱ्यांचे सामने पडून होते. गरज दोन्हीकडे होती. १९७९ मध्ये चाळीस संघ, १९८० मध्ये अठ्ठेचाळीस, १९८३ मध्ये बावन्न, आणि १९८५ मध्ये चौसष्ट!

चौसष्टपाशी जरा थांबू या. चौसष्ट म्हणजे दोनचा सहावा घात. चौसष्टाचे बत्तीस, बत्तीसाचे सोळा, आठ, चार, दोन, एक. कोणाला पुढे चाल नाही, कोणाला सवलत नाही. प्रत्येकाला सहा सामने जिंकायचे. सगळा तक्ता एका कागदावर, डावीकडून आणि उजवीकडून मध्यभागी येणारा. लहान मुलालाही तो समजतो, आणि तो अचूक भरणं जवळपास अशक्य असतं. त्रेसष्ट सामन्यांच्या निकालांच्या शक्यता नऊवर अठरा शून्यं देऊन होतील त्याहूनही जास्त. प्रेक्षकाला यात नुसतं बघायचं नव्हतं, त्याला त्यात भाग घेता येत होता. त्याच वर्षी आठवं मानांकन असलेल्या व्हिलानोव्हाने अंतिम सामन्यात जॉर्जटाउनला ६६-६४ असं हरवून दाखवलं. बाराच वर्षांपूर्वी अशा संघाला दारातूनही आत घेतलं नसतं. चौसष्टच्या बाजूने याहून चांगला पुरावा कोणता हवा होता?

आता १९८९. छोट्या कॉन्फरन्सच्या विजेत्यांना थेट प्रवेश कशाला द्यायचा, ते पहिल्याच फेरीत मार खाऊन घरी जातात, अशी कुजबुज तेव्हा चालू होती. मार्चच्या १७ तारखेला प्रॉव्हिडन्स शहरात सोळावं मानांकन असलेलं प्रिन्स्टन पहिलं मानांकन असलेल्या जॉर्जटाउनशी खेळलं. प्रिन्स्टन शिष्यवृत्तीवर खेळाडू आणत नाही. त्यांचे प्रशिक्षक पीट कॅरिल यांनी खेळ मुद्दाम संथ ठेवला. मध्यंतराला प्रिन्स्टन आठ गुणांनी पुढे! शेवटी जॉर्जटाउनने ५०-४९ असा सामना कसाबसा वाचवला. हा सामना ईएसपीएनवर देशभर दिसला. त्यानंतर थेट प्रवेश काढून घेण्याची भाषा विरून गेली. एक गुणाने हरलेल्या संघाने सगळ्या छोट्यांची जागा वाचवली. आणि ती वाचली, कारण लोकांनी तो सामना पाहिला होता. न दिसलेला पराक्रम कोणाच्या बाजूने साक्ष देणार?

म्हणजे प्रक्षेपणाची वाढ आणि संघांची वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझा आजचा मुद्दा हाच आहे. प्रेक्षकांनी या दोन्हींना अगदी उलट प्रतिसाद दिला.

प्रक्षेपण वाढावं ही मागणी प्रेक्षकांचीच. १९९१ पासून सगळी स्पर्धा सीबीएस या वाहिनीकडे गेली, सात वर्षांसाठी १०० कोटी डॉलरना. पण वाहिनी एक आणि एकाच वेळी चालणारे सामने चार. तुमच्या भागात कोणता सामना दिसणार हे वाहिनी ठरवणार. कुठे रंगतदार शेवट होतोय असं दिसलं की तुमचा सामना मध्येच सोडून कॅमेरा तिकडे जाणार. कोणाला याची मजा वाटे, तर ज्याचं विद्यापीठ खेळतंय तो संतापे. ही तक्रार वीस वर्षं टिकली. २०११ मध्ये सीबीएसच्या जोडीला टीएनटी, टीबीएस आणि ट्रूटीव्ही आल्या, आणि प्रत्येक सामना सुरुवातीपासून शेवटपर्यंत देशभर दिसू लागला. ट्रूटीव्ही आपल्या टीव्हीवर कितव्या क्रमांकावर आहे हे शोधणं हा दरवर्षीचा विनोद झाला, पण जुनी पद्धत परत आणा असं क्वचितच कोणी म्हटलं.

मग हे चार वाहिन्यांचं सुख आलं कुठून? त्यासाठी एप्रिल २०१० मध्ये जावं लागेल.

१ एप्रिलला इंडियानापोलिसमध्ये एनसीएएच्या अधिकाऱ्यांनी पत्रकारांपुढे एक आराखडा ठेवला. संघ शहाण्णव. वरच्या बत्तीस जणांना पहिल्या फेरीत चाल, बाकीचे चौसष्ट आधी खेळणार. आता एक सोपं गणित बघा. बाद पद्धतीच्या स्पर्धेत प्रत्येक सामन्यात एकच संघ बाद होतो, म्हणून सामने नेहमी संघांपेक्षा एकने कमी. तेव्हा, २००१ पासून, संघ पासष्ट होते आणि सामने चौसष्ट. शहाण्णव संघ घेतले की सामने पंचाण्णव. प्रत्येक जादा संघ म्हणजे एक जादा सामना आणि दोन-अडीच तासांच्या जाहिराती. वाढीमागचं कारण कोणी लपवत नव्हतं, ते हिशेबातच दिसत होतं.

प्रतिक्रिया काय झाली? पत्रकारांनी त्याच दिवशी विचारलं, मुलं वर्गात बसणार कधी? चाहते आणि स्तंभलेखक जवळजवळ एका सुरात विरोधात गेले. आणि त्याच आठवड्यात त्याच शहरात काय चाललं होतं बघा. इंडियानापोलिसचंच छोटं बटलर विद्यापीठ अंतिम सामन्यात ड्यूकशी खेळत होतं. मैदानाच्या मध्यातून फेकलेला शेवटचा चेंडू कडीला लागून बाहेर पडला आणि बटलर ६१-५९ असं हरलं. ज्या स्पर्धेला दुरुस्तीची गरज आहे असं सांगितलं जात होतं, ती स्पर्धा डोळ्यांसमोर इतकी सुंदर चालली होती! तीन आठवड्यांत निर्णय आला. चौदा वर्षांचा १,०८० कोटी डॉलरचा करार झाला, चार वाहिन्या आल्या, पण संघ अडुसष्टच. पुढे २०१६ मध्ये हा करार २०३२ पर्यंत वाढवला गेला.

अडुसष्ट म्हणजे चौसष्ट अधिक चार. त्यासाठी मुख्य स्पर्धेआधी डेटन शहरात चार सामने होतात, त्यांना 'फर्स्ट फोर' म्हणतात. एनसीएएने यालाच 'पहिली फेरी' असं नाव दिलं आणि गुरुवारी-शुक्रवारी होणाऱ्या खऱ्या फेरीला 'दुसरी'. लोकांनी हे नाव मनापासून स्वीकारलंच नाही. बहुतेक ठिकाणी तक्ता भरताना ते चार सामने धरतच नाहीत, तक्ता गुरुवारीच सुरू होतो. २०१६ पासून एनसीएएने निमूटपणे जुनी नावं परत आणली. मतदान नाही, ठराव नाही. भाषेच्या बळावर प्रेक्षकांनी मिळवलेला हा विजय आहे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०११ मध्येच व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाची निवड झाली तेव्हा जाणकारांनी टीव्हीवर नाकं मुरडली. तो संघ डेटनमधून निघाला आणि थेट उपांत्य फेरीत पोचला! २०२१ मध्ये यूसीएलएही 'फर्स्ट फोर'मधून उपांत्य फेरीत पोचलं. वाढीचे समर्थक ही उदाहरणं देतात. आणखी एक युक्तिवाद करतात, आणि तो पोकळ नाही. १९८५ मध्ये पहिल्या श्रेणीत तीनशेहून कमी संघ होते, आज साडेतीनशेहून अधिक आहेत. म्हणजे प्रमाणात बघितलं तर दार चाळीस वर्षांत अरुंद झालंय.

याच आधारावर बहात्तर किंवा शहात्तर संघांचा प्रस्ताव आला. ऑगस्ट २०२५ मध्ये एनसीएएने जाहीर केलं की २०२६ साठी अडुसष्टच राहतील. पण चर्चेने चाहत्यांना पुन्हा ढवळून काढलं. चारच तर वाढताहेत, आठच तर वाढताहेत, काय बिघडलं?

ग्रीक तत्त्वज्ञानात युबुलिडीसच्या नावावर एक कोडं आहे. धान्याच्या राशीतून एक दाणा काढला तर रास राहते. आणखी एक काढला, तरी राहते. मग रास नाहीशी नेमकी कोणत्या दाण्याला होते? स्पर्धेत हेच कोडं उलट्या दिशेने येतं. एका संघाने स्पर्धा बिघडत नाही. मग कितव्या संघाने बिघडते? केवळ आकडे मोजत बसलं तर याला उत्तर नाही, आणि वाढवणाऱ्याला तेच सोयीचं असतं.

उत्तर हवं असेल तर प्रश्न बदलावा लागतो. दार कोणासाठी उघडतंय, असं विचारा. २०२५ च्या स्पर्धेत साउथईस्टर्न या एकाच बलाढ्य कॉन्फरन्सच्या सोळापैकी चौदा संघांना प्रवेश मिळाला. जादा जागा आल्या तर त्या बहुतांशी अशाच मोठ्या गटांतल्या मधल्या संघांना जाणार. आणि जागा करण्यासाठी आणखी छोटे विजेते मुख्य तक्त्याबाहेरच्या सामन्यांत ढकलले जाणार. १९७४ मध्ये दाराबाहेर मेरीलँड उभं होतं. आता दाराबाहेर उभा आहे तो आपल्याच गटात दहावा-बारावा आलेला श्रीमंत संघ.

या उलट महिलांची स्पर्धा बघा. २०२२ मध्ये तिथे संघ चौसष्टाचे अडुसष्ट झाले, एवढीच वाढ. पण 'मार्च मॅडनेस' हे नाव त्यांनाही मिळालं, सामने नीट दाखवले जाऊ लागले, आणि २०२४ मध्ये महिलांचा अंतिम सामना जवळपास एक कोटी नव्वद लाख लोकांनी पाहिला. पुरुषांचा पाहिला दीड कोटीहून थोड्या कमी लोकांनी. प्रेक्षक वाढवायला संघ वाढवावे लागतात, हे गृहीतक इथे कोसळतं.

म्हणून चाहत्यांची तक्रार ही निव्वळ 'आमच्या वेळी असं नव्हतं' छापाची कुरकुर आहे, असं मला वाटत नाही. कुरकुरच असती तर त्यांनी चार वाहिन्यांनाही विरोध केला असता. त्यांना एक फरक नेमका कळलाय. सामना आणखी लोकांना दिसला तर त्याचं मोल घटत नाही, दिवा कितीही जणांनी पाहिला तरी उजेड तेवढाच राहतो. प्रवेशाचं तसं नाही. आत असण्याला अर्थ येतो तो बाहेर राहण्याच्या शक्यतेमुळे. ती शक्यता बलवानांसाठी काढून घेतली की डिसेंबर-जानेवारीतल्या सामन्यांना कोण विचारणार?

अडचण एवढीच, की सगळं दाखवण्याचा खर्च जो उचलतो, त्यालाच आणखी सामने हवे असतात. प्रेक्षकाला पहिली गोष्ट हवी आहे, दुसरी नको आहे, आणि बिल दोन्हींचं एकच येतं. २०१० मध्ये त्याला पहिली मिळाली आणि दुसरी बरीचशी टळली. दर वेळी टळेलच असं नाही. पण पुढचा आकडा कानावर येईल तेव्हा 'किती' हा प्रश्न नंतर विचारा. आधी विचारा, बाहेर कोण उभं आहे, आणि ते का?

इथे थांबतो.