मेखेरेन, हान व्हान
(१० ऑक्टोबर १८८९ – ३० डिसेंबर १९४७). डच चित्रकार व बनावट चित्रांचा कर्ता. जन्म डेव्हेंटर (नेदर्लंड्स) येथे. डेल्फ्टला वास्तुकलेचे शिक्षण घेतले, पण पुरे केले नाही. जुन्या डच चित्रकारांची ओढ आणि रंग हाताने खलण्याची सवय त्याला शाळेतील चित्रकलाशिक्षक बार्तुस कोर्तेलिंग यांनी लावली. रॉटरडॅमच्या सेंट लॉरेन्स चर्चच्या अंतर्भागाच्या चित्रास सुवर्णपदक (१९१३). पुढे स्वतःच्या नावाची चित्रे खपली तरी समीक्षकांनी ती जुनाट ठरवली. हरिणीचे एक रेखाचित्र मात्र घरोघरी पोहोचले.

डच चित्रकार योहानेस व्हर्मीरची (१६३२–७५) आज जेमतेम तीन डझन चित्रे ज्ञात आहेत. तरुणपणी त्याने धार्मिक विषय हाताळले व त्यावर इटालियन प्रभाव होता, असा अभ्यासकांचा तर्क होता. तो सिद्ध करणारी चित्रे तुरळक. मेखेरेनने अस्सल चित्राची नक्कल न करता ही रिकामी जागा हेरली. ‘एमाउस येथील भोजन’ (१९३७) हे त्याचे चित्र ज्येष्ठ तज्ज्ञ आब्राहाम ब्रेडियस यांनी बर्लिंग्टन मॅगझिनमध्ये व्हर्मीरची सर्वोत्तम कृती म्हणून गौरवले. रॉटरडॅमच्या बोइमन्स संग्रहालयासाठी ते सुमारे ५,२०,००० गिल्डरना घेतले गेले. त्यातील जड पापण्यांचे चेहरे १९३०च्या दशकातील आहेत, हे आज कोणालाही दिसते.

तंत्र : तैलरंग पूर्ण कडक व्हायला अनेक दशके लागतात, ताज्या रंगावर अल्कोहोलचा बोळा फिरवला की रंग सुटतो. ही चाचणी चुकवण्यासाठी मेखेरेनने दक्षिण फ्रान्समधील रोकब्रून येथे काही वर्षे प्रयोग केले. तेलाऐवजी फिनॉल-फॉर्माल्डिहाइड राळ (बॅकेलाइटच्या जातीची) लायलॅकच्या तेलात मिसळून त्यात रंग खलायचे आणि चित्र भट्टीत १०० ते १२० अंश सेल्सिअसला भाजायचे, ही त्याची रीत. कॅनव्हास सतराव्या शतकातील खरा. त्यावरील चित्र खरवडून जुन्या अस्तराच्या भेगा शक्यतो राखल्या जात. भाजलेले चित्र दंडगोलावर गुंडाळले की त्या भेगा नव्या थरात उमटत. मग त्यांत काळी शाई भरली की शतकांची धूळ साचल्यासारखी दिसे. रंगद्रव्येही जुनीच : लाजवर्द, शिसफेद, हिंगूळ.

खटला : युद्धकाळात त्याचे ‘ख्रिस्त आणि व्यभिचारिणी’ नाझी नेता हेर्मान ग्योरिंगकडे गेले, किंमत १६.५ लाख गिल्डर ठरली, मोबदला मुख्यतः इतर चित्रांच्या रूपाने मिळाला. राष्ट्रीय ठेवा शत्रूला विकल्याच्या आरोपावरून मे १९४५ मध्ये अटक झाली. चित्र आपलेच असल्याचे त्याने सांगितले आणि पटवण्यासाठी पहाऱ्यात आणखी एक ‘व्हर्मीर’ रंगवले. चित्रे तपासण्यासाठी नेमलेल्या पॉल कोरेमान्स यांच्या समितीला रंगांत कृत्रिम राळ सापडली. नोव्हेंबर १९४७ मध्ये बनावटगिरीबद्दल एक वर्षाची शिक्षा. ती भोगण्यापूर्वीच हृदयविकाराने मृत्यू. हिटलरच्या कार्यालयात आढळलेल्या त्याच्या रेखाचित्रसंग्रहावरील अर्पणमजकूर त्यानेच लिहिला का, याबाबत मतभेद आहेत.

‘एमाउस’ अस्सलच आहे, हे काहींचे म्हणणे त्यानंतरही टिकून राहिले. १९६८ मध्ये शिसफेदातील शिसे-२१० व रेडियम-२२६ यांची किरणोत्सारिता मोजली गेली. जुन्या शिशात दोहोंचे प्रमाण जुळायला हवे. ते जुळले नाही, शिसे विसाव्या शतकातील ठरले.

कलातत्त्वज्ञान : तत्त्वज्ञ नेल्सन गुडमनने (१९६८) या प्रकरणाची चर्चा केली आहे.

इतर बनावट चित्रे : डच चित्रकार हाल्स, तेरबोर्ख, द होख यांच्या शैलीत.