भागीदार आणि ताळेबंद

बुलढाण्याहून मलकापुरास जाणाऱ्या वाटेवर मोताळा हे गाव आहे. सभोवारच्या काळ्या जमिनीत कापूस पिकतो. सन 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि आपल्याकडील कापसास भलताच भाव चढला. त्या पैशाचा पूर मुंबईत शिरून एकामागून एक कंपन्या निघू लागल्या. बॅकबे कंपनीच्या 5,000 रुपयांच्या भागाची किंमत 50,000 च्या घरात गेली. 1865 मध्ये युद्ध संपले, कापूस उतरला, आणि 1 जुलैस वायद्याचे सौदे पुरे करता न आल्याने कित्येक घराणी बुडाली.

या पडझडीत सर्वांत बोधप्रद कथा 'बँक ऑफ बॉम्बे'ची आहे, असे आम्हास वाटते. 1840 मध्ये स्थापन झालेल्या या बँकेत सरकार स्वतः भागीदार होते व तीन संचालक सरकारनियुक्त असत. 1863 च्या कायद्याने कर्जांवरील जुनी बंधने सैल झाली. मग शेअरांच्या तारणावर, केव्हा नुसत्या नावावरही, कर्जे गेली. 1868 मध्ये बँक गुंडाळावी लागली. तिचे बहुतेक भांडवल नाहीसे झाले होते. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या आयोगाने संचालकांच्या हयगयीवर ठपका ठेवला.

सामान्य भागीदारास लाभांश दिसे, कर्जामागचे तारण दिसत नसे. परंतु सरकारचे संचालक तर आतच बसले होते! यावरून असे ठरते की, माहिती हाताशी असणे निराळे आणि ती वाचून प्रश्न विचारणे निराळे.

पुढे कायद्याने पहिली उणीव पुष्कळशी भरून काढली. 1913 च्या कंपनी कायद्याने तपासलेला ताळेबंद सभेपुढे ठेवणे आवश्यक केले. 2013 च्या कायद्यान्वये तो सामान्यतः सभेच्या 21 दिवस आधी भागधारकास मिळतो. तथापि संचालक मंडळाचे इतिवृत्त त्यास पाहता येत नाही. व्यापारातील गुप्तता राखण्यास ते युक्तही असेल.

सहकारी संस्थेची गोष्ट वेगळी. महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकार कायद्यातील कलम 32 प्रमाणे सभासदास ताळेबंद, सर्वसाधारण सभेचे तसेच समितीच्या सभांचे इतिवृत्त आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी संस्थेच्या कचेरीत विनामूल्य पाहता येतात. म्हणजे मोताळ्याच्या एखाद्या पतसंस्थेतील शेतकरी सभासदाचा हक्क मुंबईच्या मोठ्या कंपनीतील भागधारकाहून या बाबतीत अधिक आहे.

हा हक्क किती सभासद बजावतात? वार्षिक सभेत अहवाल न वाचताच हात वर होत असतील, तर कलम 32 असूनही समितीस कोणाचा धाक राहणार? आपले इतिवृत्त उद्या कोणी वाचणार आहे, एवढी जाणीवही कारभाऱ्यास कर्ज मंजूर करण्यापूर्वी तारण पाहावयास लावते. आमच्या वाचकांपैकी जे कोणी अशा संस्थेचे सभासद असतील, त्यांनी येत्या सभेपूर्वी एकदा कचेरीत जाऊन ताळेबंद मागावा.