घरचा परकर



शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पुण्यातील एखाद्या सुवासिनीला कोणी विचारले असते की, "बाई, तुमचा परकर कोणी शिवला?" तर तिने हसून आपल्या आठ वर्षांच्या मुलीकडे बोट दाखविले असते. परकर हा पोरींचा पोशाख. लग्न झाले, लुगडे अंगाला लागले, की परकर धाकट्या बहिणीकडे जावयाचा. नऊवारी लुगड्याला कासोटा असतो, त्याला आत परकराची गरजच नसते. आज मात्र साडी नेसणाऱ्या बहुतेक स्त्रिया आत परकर घालतात, मग त्या साठीच्या असोत की सत्तरीच्या. मुलीच्या अंगावरचे हे वस्त्र आजीच्या साडीखाली कसे गेले, एवढीच गोष्ट आम्हांला आज सांगावयाची आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. शिवलेले कपडे आमच्याकडे परक्यांनी आणले, असे पुष्कळ सांगितले जाते. ते खरे नव्हे. सुईचा उल्लेख ऋग्वेदात आहे; संत नामदेव जातीने शिंपी होते, आणि त्यांच्या पदांतून शिंप्याची हत्यारे रूपक होऊन आली आहेत. देवपूजेच्या सोवळ्याला शिवलेले वस्त्र चालत नसे हे खरे, पण त्यावरून शिवणच नव्हते असे ठरत नाही. मात्र आमची शिवणाची भाषा ऐकावी: सुई आणि कात्री संस्कृतातून आल्या, नाडी ज्यातून ओवतात तो नेफा आणि आतले अस्तर फारसीतून आले, काज, फीत आणि इस्त्री पोर्तुगीजांकडून. एका परकराच्या कमरेशी तीन भाषा बसल्या आहेत!

पोरींचा जुना परकर शिवणे म्हणजे फारसे शिवणे नव्हेच. आईच्या विरलेल्या लुगड्याचा धड भाग घ्यावा, काठ खाली घोट्याशी येईल असा धरावा, दोन टोके धावदोऱ्याने जोडावी, वरची कड दुमडून नेफा करावा आणि नाडी ओवावी. चुण्या नाडीने आपोआप पडतात. यात कात्री जवळजवळ लागत नाही, माप लागत नाही, आणि पोर वाढली की खालची दुमड उसवून लांबी वाढविता येते. हे काम घरोघर ओटीवर बसून होत असे. चोळी मात्र बेताची व्हावी लागे.

मग गोल पातळ आले. कासोटा न घालता पाचवारी नेसण्याची ही पद्धत शहरांतील शिकलेल्या घरांतून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पसरली, आणि तिच्यावर टीकाही भरपूर झाली. ती निव्वळ साहेबाची नक्कल होती असे आम्हांस वाटत नाही. मुंबईच्या पारशी स्त्रिया साडीखाली घागऱ्यासारखे शिवलेले वस्त्र आधीपासूनच घालीत. १८६०च्या दशकात सत्येंद्रनाथ टागोर सनदी नोकर म्हणून मुंबई इलाख्यात आले, तेव्हा त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवींनी हीच पद्धत उचलली आणि बंगालात नेली. तिकडे त्या आतल्या वस्त्राला 'साया' म्हणतात; हा शब्दही पोर्तुगीजच. आमच्याकडे नवा शब्द शोधावा लागला नाही, मुलीचा परकर आयताच होता. १९२९च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाला किमान चौदा वर्षांची मर्यादा घातली, आणि मुली शाळेत जास्त काळ राहू लागल्या. परकर आखूड वाटू लागलेला, पण लग्नाचे लुगडे अजून दूर, अशा मुलींना गोल पातळ सोयीचे पडले असावे, असा आमचा तर्क आहे.

येथेच खरी अडचण उभी राहिली. चुण्यांचा परकर वरून घालण्यास छान, पण साडीखाली त्याच्या चुण्या आणि साडीच्या निऱ्या मिळून कमरेभोवती गाठोडे होते. म्हणून कळ्यांचा परकर हवा: वर अरुंद, खाली रुंद. आणि कळी म्हटली की माप आणि कात्री आली. हिशेब असा. ३६ इंच पन्ह्याच्या कापडाचे परकराच्या लांबीएवढे, दुमड आणि नेफा धरून, दोन तुकडे घ्यावेत. प्रत्येक उभा मधोमध कापावा, म्हणजे १८ इंची चार पट्ट्या होतात. प्रत्येक पट्टीवर वरच्या कडेला डावीकडून ६ इंचांवर आणि खालच्या कडेला उजवीकडून ६ इंचांवर खूण करून तिरपे कापावे. दोन कळ्या मिळतात, एक सुलटी आणि एक उलटी. उलटी फिरवून घ्यावी. आठ कळ्यांचा वरचा घेर ४८ इंच, खालचा ९६. शिलाईत प्रत्येक कळीचा एक इंच गेला तरी ४० आणि ८८ उरतात. कापडाची चिंधीसुद्धा वाया जात नाही. जोडताना तिरपी कड सरळ कडेला लावावी, दोन तिरप्या एकत्र आल्या तर शिवण ओघळते.

आमच्या एका मावशींनी हा हिशेब पाठ केला, पण कळी फिरविल्यावर कापडावरची फुलेही फिरतात हे त्यांच्या ध्यानात आले नाही. छापील चिटाच्या त्या परकरावर अर्धी फुले डोक्यावर उभी होती. साडीखाली कोण पाहते, असे म्हणून त्यांनी तो वर्षानुवर्षे वापरला.

अशी चूक सर्वांनाच परवडत नसे. १९४३ साली सरकारने सुती कापडावर नियंत्रण आणले, तेव्हा तर दोन वार कापड चुकीचे कापणे म्हणजे घरात रडू येण्याची गोष्ट होती. म्हणून बेतणे शिकावे लागले, आणि शिकविणारे कोणी हवे होते. १९०९ साली पुण्यात निघालेल्या सेवासदनाचे महत्त्व आम्ही येथे मानतो. रमाबाई रानड्यांच्या त्या संस्थेत शिवणाचे वर्ग होते, आणि त्यांत विधवा, परित्यक्ता स्त्रियाही येत. घरातल्या मुलींचे कपडे शिवणारा हात शेजारणीचे कपडे शिवून चार पैसे मिळवू लागला. ज्या बाईला घरात पैशाचा शब्द नव्हता, तिच्या डब्यात शिलाईचे पैसे पडू लागले. आमच्या मते या सगळ्या गोष्टीत मोलाचे ते एवढेच.

शिवणयंत्राने पुढचे काम केले. पॅरिसमध्ये तिमोनिये याची यंत्रे १८३१ साली शिंप्यांनीच फोडली होती, पोट जाईल या भीतीने. अमेरिकेत १८५१ साली सिंगरला पेटंट मिळाले, आणि शतकअखेरपर्यंत त्याची यंत्रे मुंबईत आली. यंत्रांवर एरवी टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली या एका यंत्राला आवर्जून अपवाद ठरविले. १९३०च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सचे 'उषा' निघाले. आमच्या घरांत बहुधा हातमशीन येई. ते जमिनीवर ठेवून बसता येते, उजव्या हाताने चाक फिरवावयाचे आणि डाव्याने कापड सरकवावयाचे. लांब सरळ शिवण असलेला परकर हा त्यावरचा पहिला धडा. टीप वाकडी गेली तरी आतली म्हणून खपे.

आता कापड मीटरने मिळते, साडीला मात्र आम्ही अजून पाचवारी, नऊवारीच म्हणतो. साडीच्या दुकानाशेजारी सर्व रंगांचे तयार परकर टांगलेले असतात. मावशींचा तो परकर त्यांच्या सुनेने उसवला. चीट अजून मजबूत होते. त्याच्या आठ कळ्यांतून नातीच्या बाहुलीचे चार परकर झाले, आणि या वेळी फुले सगळी सुलटी लावली.