‘आरक्षण’ (२०११) : नाव आरक्षणाचे, कथा कोचिंग क्लासची

प्रकाश झा दिग्दर्शित ‘आरक्षण’ हा हिंदी चित्रपट १२ ऑगस्ट २०११ रोजी प्रदर्शित झाला. केंद्रीय शिक्षणसंस्थांतील ओबीसींचे २७ टक्के आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००८ मध्ये वैध ठरवले, त्या निकालाची पार्श्वभूमी कथेला आहे. अमिताभ बच्चन तत्त्वनिष्ठ प्राचार्य प्रभाकर आनंद, सैफ अली खान दलित प्राध्यापक दीपक कुमार, तर मनोज वाजपेयी शिकवणीचा धंदा करणारे मिथिलेश सिंग यांच्या भूमिकेत आहेत.

प्रदर्शनाआधीच वाद पेटला. उत्तर प्रदेश, पंजाब आणि आंध्र प्रदेश या राज्यांनी बंदी घातली. उत्तर प्रदेशातील बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९ ऑगस्टला रद्द केली. बंदीचे समर्थन आम्ही करत नाही. आमची तक्रार वेगळी आहे : ज्या विषयावर एवढे रान पेटले, तो विषय चित्रपटात शेवटपर्यंत टिकतच नाही.

सुरुवात आशादायक आहे. निकालानंतर महाविद्यालयात उघड गट पडतात. गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्या सवर्ण विद्यार्थ्यांना दीपक पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टांचा हिशेब विचारतो. हिंदी व्यावसायिक पडद्यावर एक दलित प्राध्यापक मान वर करून असे बोलतो, ही साधी गोष्ट नव्हती. पण त्यानंतर कथा रूळ बदलते. प्राचार्यांच्या घरात कोचिंग क्लास थाटला जातो आणि ते तबेल्यात मोफत शिकवणी सुरू करतात. आता लढाई जातीची राहत नाही. सज्जन शिक्षक विरुद्ध लबाड धंदेवाला अशी होते. दीपक प्राचार्यांचा अनुयायी होऊन मागे उभा राहतो. शेवटी हेमा मालिनी यांनी साकारलेल्या संस्थापिका ऐनवेळी अवतरतात आणि सारे सुटते.

शिक्षणाचे बाजारीकरण हा खराच प्रश्न आहे, त्यावर स्वतंत्र चित्रपट जरूर काढावा. पण आरक्षण हा प्रतिनिधित्वाचा प्रश्न आहे. पहिल्या घटनादुरुस्तीने १९५१ साली कलम १५(४) आले, ते कुणा भल्या माणसाच्या दयेची तजवीज म्हणून नव्हे. चित्रपट मात्र हक्काच्या जागी परोपकार बसवतो. वस्तीत मोफत शिकवणी आम्हीही घेतो. तिने राखीव जागा भरत नाहीत, हे तिथेच रोज दिसते.

अशीच पळवाट ‘धडक’ (२०१८) मध्ये दिसते. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’चा (२०१६) हा हिंदी अवतार करमाळ्याकडची गोष्ट उदयपूरला नेतो आणि वाटेत जात जवळजवळ सोडून देतो. उरतो तो श्रीमंत-गरीब प्रेमाचा जुनाच मसाला आणि अजय-अतुल यांची गाणी.

‘आरक्षण’ वसतिगृहात किंवा विहारात दाखवायचा असेल, तर प्राचार्यांच्या राजीनाम्यापाशी थांबवावा. दीपकने पुढे काय करायला हवे होते, ते मुलांना लिहायला सांगावे. त्याच आठवड्यात ‘फँड्री’ दाखवावा.