डॉ. आनंदीबाई जोशी यांचा पदवी-निबंध

दप्तरें, बखरी, महजर यांच्या शोधांत विद्यार्थ्यांनीं परीक्षेसाठीं लिहिलेल्या निबंधांकडे आमचें सहसा लक्ष जात नाहीं. पदवी मिळाली कीं ते बहुधा रद्दींत जातात. डॉ. आनंदीबाई जोशी यांनीं इ. स. १८८६ मध्यें फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयास सादर केलेला इंग्रजी निबंध मात्र सुदैवानें शिल्लक राहिला. हल्लीं तो त्याच शहरांतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहीं आहे.

निबंधाचा विषय ‘आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र’. आपल्याकडील प्राचीन ग्रंथ व अमेरिकन पाठ्यपुस्तकें या दोहोंचा आधार त्यांत घेतलेला आहे. बाईंचें स्वतःचें मूल, त्या अवघ्या चौदा वर्षांच्या असतांना, जन्मानंतर दहा दिवसांत दगावलें होतें. परीक्षेच्या लेखांत खासगी दुःख शोधूं नये, असें कोणी म्हणेल. तें खरेंही आहे. तथापि विषयाच्या निवडीचा विचार करतांना ही गोष्ट वगळतां येत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

ता. ११ मार्च १८८६ रोजीं पदवी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील जागेवर रुजू होण्यापूर्वींच, ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, बाई पुण्यास वारल्या. कॅरोलाइन डॉल यांनीं लिहिलेलें चरित्र १८८८ सालींच निघालें. पुढेंही चरित्रें झालीं, नाटकें झालीं. निबंध वाचणारे थोडेच.

संग्राहक मित्रांस विनंति कीं, जुन्या पेटाऱ्यांत असा एखादा परीक्षेचा निबंध आढळल्यास, पहिल्या पानावरील नांव व सन टिपून आम्हांस कळवावें.