दोन 'त'कारांची कथा

लेखन हें उच्चाराचें चित्र होय, असें आपण सहज समजून चालतों. फ्रेंच भाषेंतील एका साध्या क्रियापदाचा इतिहास पाहिला, म्हणजे हा समज डळमळूं लागतो.

'तो गातो' हें फ्रेंचमध्यें 'इल् शांत्'. आणि 'ते गातात' हेंही 'इल् शांत्'च! कानाला भेद नाहीं. कागदावर मात्र एकवचनी क्रियापदाच्या शेवटीं नुसता 'ई', तर अनेकवचनी क्रियापदाच्या शेवटीं 'ई, एन्, टी' अशीं तीन मुकीं अक्षरें उभीं असतात.

तीं निष्कारण आलेलीं नाहींत. लॅटिनमध्यें 'कान्तत्' म्हणजे तो गातो व 'कान्तन्त्' म्हणजे ते गातात. संस्कृतज्ञांस 'पठति' व 'पठन्ति' आठवतील. हें साम्य योगायोगाचें नव्हे, या भाषा एकाच कुळांतल्या आहेत. पुढें बाराव्या शतकाच्या सुमारास फ्रेंच एकवचनाचा अखेरचा 'त्' गळाला आणि लेखनांतूनही गेला. अनेकवचनाचा 'त्' मागाहून बोलण्यांतून गेला. लेखणीनें मात्र तो सोडला नाहीं. पद्यानेंही त्याची पाठराखण केली. बारा अवयवांच्या अभिजात चरणाच्या मध्यें, पुढें स्वर आल्यास एकवचनी रूप एका अवयवाचें धरीत. अनेकवचनी रूप मात्र, पुढें स्वर असो वा व्यंजन, 'शां-त' असें दोन अवयवांचेंच मोजीत.

आतां प्रश्न विचारूं. प्रश्नांत क्रियापद आधीं व सर्वनाम मागून येतें. 'तो गातो काय?' याचा उच्चार 'शां-त-तिल्'. 'ते गातात काय?' याचाही तोच. अनेकवचनांत जुना लॅटिन 'त्' पुढील स्वराच्या आधारानें पुन्हां बोलूं लागतो. परंतु एकवचनाचा 'त्' तर शतकांपूर्वींच नाहींसा झाला होता. तो कोठून आला? 'आहे काय?' याचें 'ए-तिल्' व 'म्हणतो काय?' याचें 'दि-तिल्' अशीं रूपें लोकांच्या जिभेवर खेळत होतीं. त्यांच्या अनुकरणानें इतर क्रियापदांतही हा 'त्' शिरला. लेखक कित्येक दिवस तो बोलत, पण लिहीत नसत. अखेर १६४७ मध्यें व्होज्ला या वैयाकरणानें आपल्या ग्रंथांत असा 'त्' उच्चारावा आणि लिहावाही, असें सांगितलें. येथें लेखणी कानाला शरण गेली.

इतरत्र ती गेली नाहीं. १५५० मध्यें लुई मेग्रे यानें उच्चारानुसारी लेखनांत आपलें व्याकरण छापलें, परंतु ती पद्धति रुजली नाहीं. फ्रेंच अकादमीच्या शब्दकोशाच्या तयारींत १६७३ मध्यें मेझरे यानें जें टिपण केलें, त्यांत जुन्या लेखनाचें एक समर्थन असें होतें कीं, त्यायोगें विद्वान् मनुष्य अज्ञ जनांपासून व साध्याभोळ्या स्त्रियांपासून वेगळा ओळखूं येतो! शब्दकोश १६९४ मध्यें प्रसिद्ध झाला. मुकीं अक्षरें अशा रीतीनें केवळ व्याकरणाचीं न राहतां प्रतिष्ठेचींही खूण बनलीं. आजही फ्रेंच मुलाला श्रुतलेखनांत हीं तीन अक्षरें कान सांगत नाहीं. कर्ता एक कीं अनेक, हें ओळखूनच तीं लिहावीं लागतात.

तेव्हां प्रश्नार्थक रूपांतल्या दोन 'त्'पैकीं एक लेखणीनें राखलेला, दुसरा कानानें घडविलेला. ऐकतांना दोघे जुळे भाऊ वाटतात; वयांत मात्र कित्येक शतकांचें अंतर आहे.