सेन्सर बदलल्यानंतर वाढलेली आयडल गती

आयडल गती म्हणजे गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना व अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन ज्या गतीने फिरते ती गती. इंधन-फवारणी पद्धतीच्या (एमपीएफआय) पेट्रोल मोटारींत, इंजिन तापल्यावर, ती साधारणतः मिनिटाला ७०० ते ९०० फेरे असते. एखादा सेन्सर बदलल्यावर ती १,२०० किंवा त्याहून अधिक होऊन तिथेच राहणे, म्हणजे बोलीभाषेत ‘रेस चढलेली राहणे’, हा परिचित दोष आहे. संशय प्रथम नव्या सेन्सरवर जातो. परंतु तो बसवताना हलवलेले भाग आधी तपासणे श्रेयस्कर ठरते.

थंड इंजिन सुरू केल्यावर किंवा वातानुकूलन चालू असताना गती काही काळ वाढणे स्वाभाविक आहे. पीयूसी केंद्रातील ‘उच्च आयडल’ चाचणीचाही या दोषाशी संबंध नाही; भारत स्टेज ४ व पुढील पेट्रोल मोटारींसाठी तेथे इंजिन मुद्दाम सुमारे २,५०० फेऱ्यांवर ठेवले जाते.

== निदानाची दिशा ==
इंजिनाची गती त्यात शिरणाऱ्या हवेवर अवलंबून असते. त्यामुळे जादा हवा नियंत्रण संगणक (ईसीयू) स्वतः सोडत आहे की ती अन्य वाटेने येत आहे, हा पहिला प्रश्न होय. त्याचे उत्तर १६ पिनांच्या निदान जोडणीला स्कॅनर लावून मिळते. आयडल व्हॉल्व्ह जवळजवळ बंद दिसत असूनही गती चढलेली असेल, तर हवेची गळती किंवा अडकलेला थ्रॉटल शोधावा. व्हॉल्व्ह बराच उघडा दिसत असेल, तर ईसीयूला चुकीची माहिती मिळत असण्याचा संभव आहे. पी०५०७ हा दोषसंकेत आयडल गती अपेक्षेपेक्षा जास्त असल्याचे सांगतो, कारण सांगत नाही.

== हवेची गळती ==
मॅप (मॅनिफोल्ड दाब) सेन्सर बऱ्याच इंजिनांत थेट इनटेक मॅनिफोल्डवर बसतो. त्याची रबरी रिंग जुन्या सेन्सरसोबत निघून गेली, फाटली किंवा तिरपी बसली, तर तेथूनच हवा आत शिरते. काम करताना निसटलेली व्हॅक्यूम नळी किंवा एअर फिल्टरपुढील पाइपची सैल क्लिपही तपासावी. गळती शोधण्यासाठी चालू इंजिनावर ज्वालाग्राही स्प्रे मारण्याची पद्धत आढळते. गरम एक्झॉस्टमुळे तिच्यात आगीचा धोका असतो. धूर सोडून केलेली तपासणी अधिक सुरक्षित असते.

== कूलंट तापमान सेन्सर ==
या सेन्सरचा विद्युतरोध तापमान वाढले की घटतो. जोडणी तुटली वा नीट बसली नाही, तर ईसीयूला तापमान उणे ४० अंशांच्या आसपास भासते. अनेक गाड्यांत त्यामुळे पंखा सतत फिरू लागतो. सेन्सर काढताना कूलंट सांडून आत हवेचा बुडबुडा राहिला, तरीही वाचन फसवे येते. रात्रभर उभ्या गाडीत कूलंट व आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखे दिसायला हवे.

== थ्रॉटल व पुनर्शिक्षण ==
मळलेल्या थ्रॉटलमधून कमी हवा जाते, म्हणून ईसीयू तो किंचित अधिक उघडायला ‘शिकतो’. सेन्सरसोबत थ्रॉटलही साफ केला, की ही जुनी सवय गती वाढवते. बॅटरी सोडवल्यास शिकलेली मूल्ये पुसली जाऊ शकतात. दोन्ही प्रसंगी उत्पादकाच्या पुस्तिकेतील पुनर्शिक्षणाची कृती करावी लागते. ती प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी असते. थ्रॉटल स्थिती सेन्सरचे बंद स्थितीतील व्होल्टेज अनेक गाड्यांत ०.५ व्होल्टच्या आसपास असते. थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फिरवून गती उतरवणे हा उपाय नव्हे. त्याने मूळ दोष झाकला जातो आणि पुढचे निदान अवघड होते.

== यवतमाळ जिल्ह्यातील संदर्भ ==
यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. तेथे इंजिन बंद ठेवून चावी चालू केल्यास मॅप सेन्सरचे वाचन सुमारे ९६ किलोपास्कल यावे. समुद्रकिनारी अपेक्षित असलेले १०१ न दिसणे हा दोष मानू नये. मे महिन्यात पारा ४० अंशांवर असताना दुपारी सुरू केलेल्या इंजिनाचे वाचन २० अंश असेल, तर सेन्सर किंवा त्याची जोडणी संशयास्पद ठरते. वणी परिसरातील कोळसा वाहतुकीच्या रस्त्यांवर धूळ अधिक असल्याने सेन्सर काढण्यापूर्वी त्याभोवतीची जागा पुसून घेणे आवश्यक असते, अन्यथा कण रिंगखाली अडकून नवी गळती निर्माण होते.